जीवशास्त्रातील प्रयोग अहवाल

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने केलेल्या प्रयोगाचा लेखी वृत्तांत. प्रयोगामागचा प्रश्न, वापरलेला सजीव किंवा ऊतक, कृती, निरीक्षणे आणि त्यांवरून काढलेले अनुमान या गोष्टी त्यात येतात. प्रात्यक्षिक वहीतील नोंदी प्रयोग चालू असतानाच, घडेल तशा केल्या जातात; अहवाल त्या नोंदींवरून नंतर रचला जातो. प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निरीक्षणे, चर्चा ही शोधनिबंधाची मांडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विज्ञान नियतकालिकांत रुळली आणि विद्यार्थ्यांचे अहवालही बहुधा तिलाच धरून लिहिले जातात.

एकाच बाटलीतले मीठ दोनदा घेतले तरी ते तेच असते. दोन बटाटे मात्र कधीच सारखे नसतात. वय, साठवणुकीचा काळ, पाण्याचे प्रमाण या प्रत्येक बाबतीत ते वेगळे असतात. जीवशास्त्राच्या अहवालाची सगळी अवघड बाजू या फरकातून येते. हा फरक झाकण्याऐवजी मोजून दाखवणारा अहवाल चांगला म्हणावा.

सुरुवात नेमक्या प्रश्नाने होते. ‘बटाट्यातील परासरणाचा (पेशीपटलातून पाणी आत-बाहेर जाण्याचा) अभ्यास’ हा केवळ विषय झाला. ‘सुक्रोजच्या द्रावणाची संहती वाढवत नेल्यास त्यात बुडवलेल्या बटाट्याच्या तुकड्याचे वस्तुमान किती बदलते?’ हा प्रश्न झाला, कारण त्यात काय बदलायचे (संहती, म्हणजे द्रावणातील सुक्रोजचे प्रमाण) आणि काय मोजायचे (वस्तुमान) हे दोन्ही ठरले. तापमान, वेळ आणि तुकड्याचा आकार स्थिर ठेवायचा, हेही त्यातूनच कळते. गृहीतकासोबत त्याचे कारण द्यावे. कारण नसलेले गृहीतक म्हणजे निव्वळ अंदाज.

पद्धतीचा भाग भूतकाळात लिहितात, कारण तो झालेल्या कामाचा वृत्तांत असतो. ‘द्रावण घ्या, ढवळा’ अशा सूचना तिथे शोभत नाहीत. तो वाचून अनोळखी माणसाला तोच प्रयोग पुन्हा करता आला पाहिजे. म्हणून ‘तुकडे काही वेळ ठेवले’ हे वाक्य निरुपयोगी आहे. किती मिनिटे, किती मिलिलिटर द्रावणात, बाहेर काढल्यावर टिपकागदावर कसे टिपले, हे सांगायला हवे. टिपण्याची बाब क्षुल्लक वाटते, पण पृष्ठभागावर राहिलेले पाणीही तराजूवर मोजले जाते आणि मग परासरणाचा आकडाच चुकतो.

तुलनेसाठी ठेवलेल्या नियंत्रित संचाचा उल्लेख हवाच. फ्रान्चेस्को रेडी यांनी १६६८ मध्ये मांसाची काही भांडी उघडी आणि काही झाकलेली ठेवली. झाकलेल्या भांड्यांतल्या मांसात अळ्या झाल्या नाहीत, म्हणूनच उघड्या भांड्यांतल्या अळ्यांचा संबंध माश्यांशी जोडता आला. लाळेतील अमायलेज या पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) प्रयोगात हेच काम उकळून थंड केलेल्या लाळेची नळी करते. तिच्यात पिष्ट असल्याचे दाखवणारा आयोडीनचा निळा-काळा रंग टिकला, तर न उकळलेल्या लाळेच्या नळीतील पिष्टाचे पचन विकरामुळेच झाले असे म्हणायला आधार मिळतो.

निरीक्षणांत कच्चे आकडे जसेच्या तसे ओतून भागत नाही. २.०० ग्रॅमचा तुकडा २.२० ग्रॅम झाला आणि ४.०० ग्रॅमचा ४.२० ग्रॅम झाला, तर दोघांची वाढ ०.२० ग्रॅमच, पण पहिल्याची १० टक्के आणि दुसऱ्याची ५ टक्के. म्हणून येथे शेकडा बदल काढतात. आलेखात आडव्या अक्षावर संहती आणि उभ्या अक्षावर शेकडा बदल घेतला की रेषा शून्याला छेदते तिथे द्रावण आणि ऊतक समतोल असतात. सगळ्या प्रयोगाचे उत्तर त्या बिंदूत असते. तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर ७.४२८६ टक्के असे लिहू नये, तेवढी अचूकता हाती नसते. सरासरीसोबत नमुन्यांची संख्या आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप) द्यावे. आलेखातील उभ्या दांड्या प्रमाण विचलन दाखवतात की प्रमाण त्रुटी (सरासरीच्या अनिश्चिततेचे माप), हेही लिहावे.

एका बटाट्याचे दहा तुकडे म्हणजे दहा बटाटे नव्हेत. त्या तुकड्यांवरून फक्त त्या एका बटाट्याबद्दल बोलता येते. या गफलतीला आभासी पुनरावृत्ती म्हणतात. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये तिच्याकडे ठळकपणे लक्ष वेधले.

आकडे अपेक्षेशी जुळतात का, हे नजरेवर सोडू नये. मेंडेल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाटाण्याच्या प्रयोगांत दुसऱ्या पिढीत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या होत्या. ३:१ प्रमाणानुसार ५,४९३ आणि १,८३१ अपेक्षित होत्या. मिळालेल्या आणि अपेक्षित आकड्यांतील तफावत मोजणारी, कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडलेली काय-वर्ग कसोटी लावली तर मूल्य सुमारे ०.२६ येते, ५ टक्के पातळीवरील मर्यादा ३.८४ आहे; म्हणजे ही तफावत निव्वळ योगायोगानेही पडू शकते. अहवालात यावरून ‘३:१ प्रमाण सिद्ध झाले’ असे लिहिणे चूक. ‘मिळालेले आकडे ३:१ प्रमाणाशी विसंगत नाहीत’ एवढेच म्हणता येते.

चर्चेत सर्वाधिक आढळणारे पोकळ वाक्य म्हणजे ‘मानवी चुकांमुळे फरक पडला’. त्यातून काहीच कळत नाही. त्रुटी कोणती, आणि तिने उत्तर कोणत्या बाजूला झुकले, हे सांगावे. तराजू सुरुवातीलाच शून्यावर नसेल तर सगळी वस्तुमाने एकाच दिशेने सरकतात. तुकड्यांच्या ऊतकांतील फरकाने आकडे दोन्ही बाजूंना विखुरतात. पहिलीवर प्रयोग कितीही वेळा केला तरी उपाय होत नाही, दुसरीवर होतो. गृहीतकाच्या उलट निकाल आला तर तोच मांडावा. पुस्तकातल्या उत्तराशी जुळावे म्हणून आकडे फिरवणे हा अहवालातला एकमेव अक्षम्य दोष आहे.

आकृती पेन्सिलीने, सलग बारीक रेषांत काढतात, छायांकन करत नाहीत. नावांच्या रेषा एकमेकींना छेदू देत नाहीत. विवर्धनाबाबत गोंधळ नेहमीचा. सूक्ष्मदर्शकाची १० पट नेत्रिका (डोळ्याकडचे भिंग) आणि ४० पट वस्तुभिंग (नमुन्याकडचे भिंग) मिळून ४०० पट दिसते, पण आकृतीचे विवर्धन ते नव्हे. ०.२५ मिलिमीटर लांबीची पेशी कागदावर ५० मिलिमीटर काढली असेल तर आकृतीचे विवर्धन २०० पट होते. रोमन लिपीतील शास्त्रीय नावात प्रजातीच्या (genus) नावाचे पहिले अक्षर मोठे आणि जातीच्या (species) नावाचे लहान असते. छापताना ते नाव तिरपे, हाताने लिहिताना अधोरेखित करतात.

बाजूला पडलेला एखादा आकडा वगळायचा असेल तर वहीत तो खोडरबराने पुसत नाहीत. त्यावर वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी कारण लिहितात, आणि वगळल्याचा उल्लेख अहवालात करतात. प्रयोग गटाने केला असल्यास आकडे सर्वांचे सामाईक असतात आणि तसे नमूद करतात. चर्चा मात्र प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायची असते. अहवालाला सारांश जोडायचा असल्यास तो शेवटी लिहून आरंभी ठेवतात.