सुलावेसीतील गोड्या पाण्याच्या गोगलगायी

इंडोनेशियातील सुलावेसी (पूर्वीचे नाव सेलेबीस) या बेटावरील तळी आणि नद्यांमध्ये टायलोमेलानिया या प्रजातीच्या गोगलगायी राहतात. या बेटाबाहेर त्या निसर्गतः कुठेही आढळत नाहीत. आजवर वर्णन झालेल्या त्यांच्या जाती चाळिसांहून अधिक असून बहुतेक जाती दोन ठिकाणी एकवटल्या आहेत: मध्य सुलावेसीतील पोसो तळे आणि दक्षिणेकडील मलिली तळ्यांचा समूह. या समूहात मातानो, महालोना, तोवुती ही एकमेकांना नदीने जोडलेली तीन तळी व बाजूची दोन लहान तळी येतात. मातानो सुमारे ५९० मीटर खोल आहे. त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून ३८२ मीटर उंचीवर असला, तरी तळ समुद्रसपाटीच्या बराच खाली जातो.

या गोगलगायींचा शास्त्रीय अभ्यास स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील पॉल आणि फ्रिट्झ सारासिन या निसर्गअभ्यासकांनी केला. नात्याने ते दूरचे चुलतभाऊ होते. १८९३ ते १८९६ या काळात त्यांनी बेटाचा अंतर्भाग पालथा घातला आणि १८९७ मध्ये टायलोमेलानिया ही प्रजाती प्रस्थापित केली. जाड शंखाची मिराटेस्टा आणि टोपीसारख्या शंखाची प्रोटँसिलस या प्रजातींची नावेही त्यांचीच. १८९८ मध्ये त्यांनी बेटावरील गोड्या पाण्याच्या मृदुकाय प्राण्यांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर बराच काळ हा विषय जवळजवळ पडून राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातील माथियास ग्लाउब्रेख्ट आणि थोमास फॉन रिन्टेलेन यांनी तो पुन्हा हाती घेतला.

एवढा काळ का लोटला, याचे एक कारण शंखातच आहे. एकाच जातीचे शंख आकाराने व नक्षीने बरेच बदलतात आणि वेगळ्या जातींचे शंख कधी एकसारखे दिसतात. रिकामा शंख हाती घेऊन जात ठरवणे म्हणून धोक्याचे ठरते. जिवंत प्राणी हवा. तो मिळवण्यासाठी उथळ पाण्यात हाताने वेचणे किंवा बुडी मारणे हे मुख्य उपाय आहेत. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवण्यापूर्वी शंखाला तडा द्यावा लागतो. तसे न केल्यास प्राणी शंखाचे झाकण घट्ट लावून घेतो, अल्कोहोल आत पोचत नाही आणि डीएनए खराब होतो. नमुना कोणत्या खोलीवर मिळाला, तो खडकावर होता, बुडालेल्या लाकडावर की मऊ गाळात, याची नोंद शंखाइतकीच मोलाची असते.

याचे कारण रॅड्युलात दिसते. रॅड्युला म्हणजे अन्न खरवडणारी दातेरी, कानशीसारखी पट्टी. खडकांवर राहणाऱ्या जातींमध्ये या दातांची ठेवण फार वेगवेगळी असते. सरोवरातील जातींचे शंख नदीतल्या जातींपेक्षा जाडही असतात. त्याच पाण्यात शंख फोडून खाणारे खेकडे राहतात आणि त्यांच्या नांग्या या कामाला साजेशा बळकट असतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए-आधारित अभ्यासातून असे दिसले, की नद्यांतील पूर्वज या तळ्यांमध्ये एकापेक्षा अधिक वेळा स्वतंत्रपणे शिरले आणि जाड शंखही स्वतंत्रपणे उद्भवले. उत्क्रांतीच्या अभ्यासासाठी याहून बोलकी जागा विरळाच. मात्र डीएनएही सरळ उत्तर देत नाही: जवळच्या जातींमध्ये संकर झाल्याने मायटोकॉन्ड्रियातील (पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातील) डीएनएवरून काढलेली वंशावळ शरीररचनेशी नेहमी जुळत नाही.

या गोगलगायींचे प्रजननही विशेष आहे. मादी अंडी बाहेर न टाकता शरीरातील पिशवीत वाढवते. पिल्ले थोडीच असतात, पण जन्मतःच त्यांना पूर्ण शंख असतो. काही जातींत तो दीड सेंटिमीटरहून लांब भरतो. अळीची अवस्था नसल्याने पाण्याबरोबर दूरवर पसरण्याची त्यांची क्षमता कमी असते. अनेक जाती एकाच तळ्यापुरत्या मर्यादित राहिल्या, त्यामागचे हे एक कारण मानले जाते.

मातानोच्या काठावर सोरोवाको येथे निकेलच्या खाणी आहेत. तोवुतीतून निघणाऱ्या लारोना नदीवर जलविद्युत प्रकल्प उभे आहेत. मातानोमध्ये फ्लॉवरहॉर्न हा बाहेरून आलेला संकरित मासा पसरला आहे. शिवाय मत्स्यालयांच्या व्यापारासाठी या गोगलगायी पकडल्या जातात. ज्या जातीचा सारा विस्तार एका तळ्याच्या काठावरील खडकांपुरता आहे, तिला तेथून हटून जायला दुसरी जागा नाही.