सोलापूरच्या होटगी रोडची चिमणी आणि राज्यातले छोटे विमानतळ

महाराष्ट्रात धावपट्ट्या कमी होत्या असं कधीच नव्हतं. कोल्हापूरची उजळाईवाडी १९३९ ची, संस्थानच्या काळातली. गोंदियाची बिरसी आणि अकोल्याची शिवणी महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी केल्या. नव्हतं ते रोज सुटणारं, तिकीट काढून बसता येईल असं विमान.

नांदेडचा विमानतळ २००८ च्या शिखांच्या गुरू-ता-गद्दी सोहळ्यासाठी मोठा केला आणि पुढच्याच वर्षी नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ, उस्मानाबाद असे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला तब्बल ९५ वर्षांच्या लीजवर देऊन टाकले. लातूर-यवतमाळला त्यानंतरही नियमित विमानसेवा टिकली नाही, इतकंच सांगतो.

मग २०१६ ला छोटी शहरं विमानानं जोडायची केंद्राची उडान योजना आली. तासाभराच्या प्रवासाला विमानातल्या ठराविक सीट साधारण २५०० रुपयांत द्यायच्या आणि कंपनीला येणारी तूट सरकारनं तीन वर्षं भरून द्यायची, असा हिशोब. २७ एप्रिल २०१७ ला जी पहिली विमानं उडाली त्यात नांदेड-हैदराबाद होतं, मग जळगाव, कोल्हापूर, नाशिकही जोडले गेले. पहिल्या फेरीच्या यादीत सोलापूरही होतं, आणि खरा गुंता तिथेच आहे.

सोलापूरला होटगी रोडवर धावपट्टी जुनीच, मध्यंतरी मुंबईची फ्लाईटही काही काळ होती. पण शेजारच्या सहकारी साखर कारखान्यानं वीजनिर्मिती प्रकल्पासाठी सुमारे ९० मीटरची चिमणी उभी केली आणि ती नेमकी विमान उतरण्याच्या वाटेवर आली. विमान काही सरळ खाली येत नाही, कित्येक किलोमीटर आधीपासून तिरकं उतरत येतं, त्यामुळे धावपट्टीच्या दोन्ही टोकांना एका उंचीच्या वर काही असून चालत नाही. एक बाजू म्हणायची चिमणी परवानगीशिवाय बांधली, पाडा. दुसरी बाजू म्हणायची कारखान्यावर हजारो ऊस उत्पादक सभासदांचं पोट आहे, मोठा विमानतळ शहराबाहेर बोरामणीला करायचा ठरलाच आहे तर तिकडे करा, चिमणीवर कशाला उठलाय. हे म्हणणं खोटं नव्हतं, बोरामणीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊनही झाल्या होत्या, पण मधे वनखात्याची जमीन आणि जवळ माळढोक पक्ष्याचं अभयारण्य, त्यात ते काम अडकलं ते अडकलंच.

कोर्ट, नोटिसा, मोर्चे, उपोषणं, दोन्ही बाजूंनी सगळं झालं, पाडायचा एक प्रयत्न सभासदांच्या विरोधामुळे बारगळला. शेवटी १५ जून २०२३ ला मोठ्या पोलीस बंदोबस्तात स्फोटकं लावून चिमणी पाडली. मला वाटतं बांधकाम चालू असतानाच कुणीतरी अधिकारानं थांबवलं असतं तर सभासदांचे पैसेही वाचले असते आणि सोलापूरची सहा-सात वर्षंही, कारण तेवढ्या काळात इथली तरुण पोरं नोकरीसाठी पुण्या-हैदराबादला निघून गेली आणि ती काही परत येणार नाहीत.

या मधल्या काळात बाकीचे पुढे गेले. शिर्डीजवळ काकडी गावचा विमानतळ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झाला, सिंधुदुर्गात चिपी ऑक्टोबर २०२१ ला, अमरावतीत बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान उडालं. चिपीचं मात्र बघून ठेवावं, उडानची तीन वर्षं संपली तशी २०२४ ला मुंबईची फ्लाईट बंद पडली, एवढा पर्यटनाचा जिल्हा असून.

सोलापूरहून जून २०२५ ला गोव्याचं विमान सुटलं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. मुंबईच्या या फ्लाईटची तूट राज्य सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून भरायचं ठरवलं, पण ती मदत सुरुवातीला एका वर्षापुरतीच मंजूर झाली.