पार्श्वभूमी : गडद सावल्या, एक खोडलेला पाय आणि ‘टोनिंग’चा घोळ

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या डॉक्युमेंटरी छायाचित्रांची कुठलीही चार प्रदर्शनं पाहा, एक गोष्ट हटकून डोळ्यांत भरते. काळा रंग. चेहऱ्याचा एक गाल उजेडात आणि बाकी सगळं डांबर. मागे भिंत आहे की दार, कोपऱ्यात माणूस उभा आहे की कपाट, कळायला मार्ग नाही. समीक्षक याला शैली म्हणतात. स्पर्धांचे परीक्षक कधी शैली म्हणतात, कधी लबाडी. आजच्या छायाचित्रकारांच्या तंत्राची चर्चा अडते ती बहुतेक वेळा इथेच, आणि तिच्या मुळाशी एक शब्द आहे : टोनिंग.

ज्यांनी डार्करूममध्ये हात ओले केले आहेत त्यांच्या लेखी टोनिंग ही रसायनाची गोष्ट होती. ब्रोमाइडचा प्रिंट धुऊन झाला की तो आधी ब्लीचमध्ये आणि मग सोडियम सल्फाइडच्या पाण्यात बुडवायचा. कागदावरच्या चांदीचं सल्फाइड व्हायचं, काळ्याचा तपकिरी व्हायचा आणि प्रिंट जास्त टिकायचा. सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा, म्हणून मी शिकलो त्या स्टुडिओत हे काम गच्चीवरच चालायचं. थोडक्यात, टोनिंग म्हणजे सेपिया. छपाई करताना एखादा भाग उजळ ठेवणं किंवा गडद करणं याला टोनिंग कोणी म्हणत नसे. त्याला डॉजिंग आणि बर्निंग हे वेगळे शब्द होते. आता कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट चढवणं, रंग फिके करणं, कोपरे काळवंडणं, चेहरा उचलून धरणं या सगळ्याला मिळून टोनिंग म्हणतात. चार वेगवेगळ्या क्रिया एका नावाखाली आल्या आणि भांडणाला तोंड फुटलं.

बर्निंग म्हणजे काय ते एका लग्नाच्या फोटोवरून सांगतो. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून पाडणाऱ्या दिव्याखाली, ‘इंदू’ छापाचा फोटो-कागद, बारा सेकंदांचं मूळ एक्स्पोजर. तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती नवरीच्या चेहऱ्यावर दोन-तीन सेकंद हलती ठेवायची, म्हणजे तिथे कागदाला उजेड कमी मिळून चेहरा उजळ. मग मधोमध भोक पाडलेला पुठ्ठा घेऊन डाव्या कोपऱ्याला आणखी दहा सेकंद द्यायचे. त्या कोपऱ्यात होमाच्या धुरामागे बनियनवर उभे असलेले कोणाचे तरी काका असत. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये चित्र उमटायचं तेव्हा काकांच्या जागी काळोख आलेला असायचा. कोणी खोडलं नव्हतं, कोणी कापलं नव्हतं, काका मात्र गेलेले असत. तक्रार आलीच तर फक्त काकांची यायची.

छायाचित्रात हात घालण्याची परंपरा माध्यमाइतकीच जुनी आहे, तिच्यात फार शिरत नाही. एकोणिसाव्या शतकातला मसाला निळ्या प्रकाशाला इतका हळवा होता की आकाश पांढरंफट यायचं, म्हणून ढगांच्या निगेटिव्ह वेगळ्या ठेवून प्रिंटमध्ये जोडत. १८५७ साली इंग्लंडमध्ये तीसेक निगेटिव्ह एकत्र करून केलेलं एक मोठं चित्र गाजलं होतं. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच निघाली होती, आणि पुढे आपल्याकडच्या स्टुडिओंनी संस्थानिकांच्या फोटोंवर सरळ रंग चढवून मागचे पडदे, गालिचे, दागिने हवे तसे काढून दिले. त्यात फसवणूक आहे असं ना गिऱ्हाइकाला वाटे ना रंगाऱ्याला.

आजच्या काळ्या सावल्यांचा खरा उगम माझ्या मते त्याच्या बराच नंतरचा, स्लाइड फिल्मच्या दिवसांतला आहे. कोडॅक्रोम ही कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्ह नव्हे, सरळ चित्रच उमटे) बाजारात आली १९३५ साली. साठच्या दशकानंतर भारतावर रंगीत काम करणाऱ्या देशी-परदेशी छायाचित्रकारांची ती लाडकी फिल्म. २५ आणि ६४ असा तिचा वेग, म्हणजे उजेड भरपूर हवा. गल्लीतल्या स्टुडिओत ती धुऊन मिळत नसे. आणि तिची झेप, म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद भाग एकदम टिपण्याची ताकद, जेमतेम पाच-सहा स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड). एप्रिलच्या दुपारी पांढऱ्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो घ्यायचा तर भिंत सांभाळावी लागे, कारण स्लाइडवर एकदा पांढरं जळालं की संपलं. त्यात रंग घट्ट यावेत म्हणून बरेचजण मुद्दाम अर्धा स्टॉप कमी देत. मग पागोट्याखालचा चेहरा, ओसरीचा आतला भाग, रिक्षाच्या टपाखालची जागा सगळं काळं. लाल साडी आणि तिच्यामागे विहिरीसारखा काळोख, ही ‘भारताची’ म्हणून जगभर ओळखली गेलेली रंगीत चौकट निम्मी फिल्मच्या मर्यादेतून आली आहे. राजस्थानात जन्मलेल्या आणि आयुष्यभर रंगीत फिल्मवरच काम केलेल्या एका मोठ्या छायाचित्रकाराने तर कृष्णधवल भारतीय नजरेला परकंच आहे, अशी भूमिका मांडली होती. मला ती पटत नाही, पण तिने एका पिढीचे डोळे घडवले हे खरं.

पटत नाही त्याचं एक कारण भोपाळ. डिसेंबर १९८४ मध्ये वायुगळतीनंतर एका लहान मुलाला माती देताना दोन भारतीय छायाचित्रकार तिथे होते. एकाचं रंगीत चित्र त्या वर्षीचं जागतिक वृत्तछायाचित्र ठरलं. दुसऱ्याचं कृष्णधवल. मूल तेच, मातीत उघडे राहिलेले डोळे तेच. रंगीत चित्रात नजर मातीच्या रंगाकडे जाते आणि तिथे काय घडतंय ते आधी कळतं. कृष्णधवलात माती आणि कातडी एकाच करड्या छटेत येतात आणि फक्त डोळे उरतात. शैली म्हणजे काय हे सांगायला मला याहून चांगली जोडी माहीत नाही, आणि या दोन चित्रांपैकी एकावरही लबाडीचा आरोप कोणी केला नाही.

आरोपांचे दिवस संगणकाबरोबर आले. फेब्रुवारी १९८२ मध्ये एका अमेरिकी भूगोलविषयक मासिकाने आडव्या चौकटीतले गीझाचे पिरॅमिड उभ्या मुखपृष्ठावर बसावेत म्हणून एकमेकांजवळ सरकवले. १९९४ मध्ये एका साप्ताहिकाने खुनाच्या आरोपातल्या कृष्णवर्णीय खेळाडूचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर आणखी काळा करून छापला. त्यात ना काही जोडलं होतं ना खोडलं होतं, केवळ टोनिंग होतं, आणि गदारोळ पिरॅमिडांपेक्षा मोठा झाला. २००३ मध्ये इराक युद्धातल्या दोन फ्रेमची एक करणाऱ्या वृत्तपत्र-छायाचित्रकाराची नोकरी गेली. २००६ मध्ये बैरूतवरचा धूर वाढवल्याचं उघड झाल्यावर एका वृत्तसंस्थेने त्या छायाचित्रकाराची सगळी ९२० चित्रं विक्रीतून काढून घेतली.

पण सगळ्यात गुंतागुंतीचा निर्णय २०१० चा. दरवर्षी हॉलंडमधून जाहीर होणाऱ्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या जागतिक स्पर्धेत क्रीडाविभागात युक्रेनच्या एका छायाचित्रकाराच्या मालिकेला तिसरं बक्षीस मिळालं होतं. विषय कीव्हमधल्या रस्त्यावरच्या मारामाऱ्या. त्यातलं एक चित्र असं : पट्टी बांधला जाणारा हात, अगदी जवळून, कृष्णधवल, भरभरीत दाणा (जुन्या फिल्मवर दिसायचे तसे ठिपके), चारी कडा काळ्या. परीक्षकांना शंका आली, मूळ फाइल मागवली आणि मार्चमध्ये बक्षीस रद्द झालं. गुन्हा काय, तर हातामागून डोकावणारा कोणाच्या तरी पायाचा छोटासा तुकडा त्याने खोडला होता.

मूळ फाइल नंतर सगळ्यांना पाहायला मिळाली आणि वादाला धार आली ती तिथे. मूळ चित्र रंगीत होतं. चौकट रुंद, दिवसाचा साधा उजेड, आजूबाजूला इतर माणसं. त्यातला छोटासा तुकडा कापून हात मोठा केला होता. रंग काढून टाकला होता. दाणा वरून घातला होता. कडा काळ्या केल्या होत्या. दुपारचा सपक फोटो तळघरातल्या टोळीयुद्धासारखा दिसू लागला होता. यातलं काहीही नियमाबाहेर नव्हतं! नियमाबाहेर होता तो फक्त बोटभर पाय. छायाचित्रकाराचा बचाव असा की तो पाय ज्याचा, तो माणूस चित्राचा विषयच नव्हता, त्यामुळे आशयात बदल झालेला नाही.

त्या वेळचा नियम दोन भागांत होता. चित्रातला मजकूर बदलायचा नाही, आणि रिटचिंग व्यवसायात सध्या मान्य असलेल्या प्रथांनुसारच चालेल. आता ‘सध्या’ म्हणजे कधी आणि ‘व्यवसाय’ कोणाचा? वृत्तसंस्थेत जे चालत नाही ते मासिकात चालतं, आणि मासिकातलं दैनिकाच्या पहिल्या पानाला चालत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात डार्करूम होती, हे उघड दिसतं. डार्करूममध्ये कापणं, काळं करणं, दाणा वाढवणं या रोजच्या गोष्टी होत्या, तर एखादी वस्तू साफ नाहीशी करायला ब्रश, शाई आणि पुन्हा कॉपी निगेटिव्ह एवढी खटपट लागे. जे करायला अवघड होतं ते पाप ठरलं आणि जे सोपं होतं ते शैली. संगणकावर दोन्ही तितकंच सोपं झालं, पण पाप आणि शैलीची वाटणी जुनीच राहिली. त्या युक्रेनी छायाचित्रकाराने पाय खोडण्याऐवजी तेवढी जागा काळी करून टाकली असती, तर २०१० मध्ये त्याचं बक्षीस बहुधा शाबूत राहिलं असतं. काका जसे गेले तसा पाय गेला असता.

निर्णय नियमाला धरून होता, हे मान्य. तरी माझं माप छायाचित्रकाराकडे थोडं झुकतं. पायाचा तुकडा गेल्याने मारामारीबद्दल माझा काही गैरसमज झाला नाही. उजेड गेल्याने झाला.

हाच प्रश्न तीन वर्षांनी गाझाच्या चित्रात आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका अरुंद गल्लीतून दोन मुलांचे मृतदेह खांद्याजवळ धरून नेणाऱ्या पुरुषांचं ते चित्र फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच स्पर्धेत वर्षातलं सर्वोत्तम ठरलं. चेहऱ्यांवरचा उजेड सिनेमातल्यासारखा दिसत होता, म्हणून मेमध्ये ते अनेक चित्रं जोडून केल्याचा आरोप झाला. तज्ज्ञांनी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची मूळ फाइल, तपासली आणि जोडकाम नाही, रंग-छटांमध्ये फेरफार आहेत, असं सांगितलं. गल्लीच्या भिंतींवरून परतलेला तो उजेड, असं छायाचित्रकाराचं स्पष्टीकरण होतं. बक्षीस राहिलं. राहायलाच हवं होतं.

२०१५ मध्ये मात्र बांध फुटला. त्या स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत आलेल्या चित्रांपैकी सुमारे २० टक्के बाद झाली. काहींमध्ये सरळ खाडाखोड होती, काहींमध्ये सावल्या इतक्या काळ्या केल्या होत्या की मूळ फाइलमधल्या वस्तू दिसेनाशा झाल्या होत्या. क्रीडामालिकांच्या विभागात तिसरं बक्षीसच देता आलं नाही. काळं करणं हेही खोडणंच, हे तिथे पहिल्यांदा ठासून मांडलं गेलं. त्याच वर्षी बेल्जियममधल्या एका शहरावरच्या बक्षीसपात्र मालिकेवरही गहजब झाला. मोटारीतल्या एका प्रसंगासाठी छायाचित्रकाराने आपल्याच चुलतभावाच्या संमतीने गाडीत फ्लॅश ठेवला होता. आयोजकांनी ते आधी चालवून घेतलं. मालिकेतलं दुसरं एक चित्र त्या शहरातलं नसून ब्रुसेल्समधलं निघालं, तेव्हा बक्षीस काढून घेतलं. म्हणजे मांडून काढलेलं चाललं, पत्ता चुकलेला चालला नाही.

त्यानंतर आलेली नियमावली आजही वादांत पुढे केली जाते. मांडून काढायचं नाही. काही घालायचं नाही, काढायचं नाही. सेन्सरवरची धूळ पुसलेली चालेल, कडा कापलेल्या चालतील, कृष्णधवल चालेल. पण मागची माणसं, वस्तू किंवा जागा झाकली जाईल इतकी छटा गडद केलेली चालणार नाही. काकांना न्याय मिळायला २०१५ उजाडलं.

पुढची मोठी खळबळ भारताशी जवळची. १९८५ च्या अफगाण मुलीच्या मुखपृष्ठामुळे घरोघरी पोचलेल्या छायाचित्रकाराचं इटलीत तुरीनजवळ प्रदर्शन भरलं होतं. तिथे २०१६ मध्ये क्युबाच्या एका प्रिंटमध्ये खांबाचा तुकडा एका माणसाच्या पायाशी अर्धवट चिकटलेला कोणाच्या तरी लक्षात आला. मग लोकांनी जुनी चित्रं धुंडाळली, तर आपल्या उपखंडातल्या पावसाच्या चित्रांतूनही माणसं गायब झालेली सापडली. आपण वृत्तछायाचित्रकार नाही, दृश्यकथा सांगणारे आहोत, असं उत्तर आलं. कोडॅक्रोमचं उत्पादन २००९ मध्ये थांबलं तेव्हा शेवटची ३६ चित्रं काढायला जो रोल दिला गेला तो याच गृहस्थांच्या हातात होता. मुंबई आणि राजस्थानातही त्यातल्या फ्रेम टिपल्या गेल्या.

२०२३ मध्ये त्या जागतिक स्पर्धेने एका खुल्या विभागात कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआयने) तयार केलेल्या प्रतिमांना दार किलकिलं केलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच लावून घेतलं. त्या वादात टोनिंग हा शब्द जवळजवळ आलाच नाही.

दरम्यान सावल्यांचं गणित उलटं झालं आहे. मोठ्या सेन्सरची झेप बारा-चौदा स्टॉपपर्यंत गेली. मोबाइल तर एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम मिसळून टपाखालचा चेहराही उजळून देतो. काळोख आता आपोआप मिळत नाही, तो करावा लागतो. लोकलच्या दारात उन्हाचा पट्टा पकडायला उभी असलेली पोरं स्क्रीनवर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह खाली ओढतात, डबा काळा होईपर्यंत. घरी आल्यावर त्यावर एक प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेला रंग-छटांचा साचा, चढतो. बऱ्याच ॲप्समध्ये त्याचं नाव कोडॅक्रोमवरूनच ठेवलेलं असतं.