हरवलेला पाऊण व्होल्ट

घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने विमान बांधण्याची अमेरिकेत जुनी परंपरा आहे. ओरेगन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचे आरव्ही मालिकेतील विमानांचे संच आणून, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडत, ही हौशी मंडळी कित्येक वर्षे सुट्टीचे दिवस खर्ची घालतात. अशा विमानातले सर्वांत सोपे सर्किट कोणते असे विचारले, तर बहुतेक जण दिव्याचे नाव घेतील: बॅटरी, फ्यूज, स्विच, दिवा, झाले. मात्र उतरताना धावपट्टी उजळणारा लँडिंग लाइट आणि जमिनीवर चालताना वाट दाखवणारा टॅक्सी लाइट बहुधा पंखांच्या टोकांशी असतात आणि त्यांचे स्विच वैमानिकासमोर असतात. मधली पाचेक मीटर तांब्याची तार कशी निवडली, यावर दिव्याचा बराचसा उजेड ठरतो.

उदाहरण म्हणून १०० वॉटचा हॅलोजन दिवा घेऊ. बारा व्होल्टची बॅटरी असलेल्या विमानात इंजिन चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारे जनित्र, सुमारे १४ व्होल्ट राखतो, म्हणजे हा दिवा साधारण ७ अँपिअर घेणार. अमेरिकन मापाच्या १८ गेज वायरचा रोध दर मीटरला सुमारे २१ मिलिओहम असतो. पाच मीटरला ०.१ ओहमच्या किंचित वर. आकडा क्षुल्लक वाटतो, पण ७ अँपिअरने गुणला की पाऊण व्होल्ट वायरीतच हरवतो. हॅलोजनसारख्या तंतूच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, तर जवळपास त्याच्या साडेतीनाव्या घाताने बदलतो. त्यामुळे व्होल्टेज ५ टक्के घटले की उजेड १७ टक्क्यांच्या आसपास घटतो. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे लक्षात घेऊन १४ गेज वापरली, तर तीच घट ७ टक्क्यांवर येते; बदल्यात पन्नास-साठ ग्रॅम वजन वाढते.

हा हिशेब धातूच्या विमानाचा आहे, कारण तिथे परतीचा प्रवाह विमानाच्या सांगाड्यातूनच जातो. विमान-रचनाकार बर्ट रुटन यांच्या लाँग-ईझीसारखे विमान काचतंतू आणि फोमचे असते, त्यातून वीज वाहत नाही. म्हणून परतीची वायरही ओढावी लागते. त्याच १८ गेजने काम भागवले, तर घट दीड व्होल्टपर्यंत आणि उजेडाचे नुकसान तीस टक्क्यांपर्यंत जाते.

एलईडीने हे गणित पुष्कळ सुसह्य केले आहे. चांगला एलईडी दिवा तीनेक अँपिअरमध्ये भागवतो, आणि आतले नियामक सर्किट व्होल्टेज थोडे कमी झाल्यास करंट वाढवून उजेड कायम राखते. पण हे सर्किट सेकंदाला हजारो-लाखो वेळा उघडझाप करते आणि त्याचा गोंगाट ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या विमान रेडिओत शिरू शकतो. म्हणून एखादे क्षीण प्रक्षेपण ऐकत दिवा लावून पाहावा. आवाज खरखरू लागला, तर जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ घालून ओढल्याने उपयोग होतो. असा पीळ होकायंत्रालाही मानवतो. ७ अँपिअर वाहणारी एकटी वायर होकायंत्रापासून फूटभर अंतरावरून गेली, तर प्रतिकूल दिशेत सुई दहा अंशांहून अधिक ढळू शकते.

फ्यूजबद्दल एक गैरसमज चिवट आहे, की तो दिव्यासाठी असतो; खरे तर तो वायरीसाठी असतो. शॉर्ट सर्किट झाले तर वायरीचे आवरण जळण्याआधी फ्यूज उडाला पाहिजे, म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. हॅलोजनच्या बाबतीत स्विचही दमदार हवा, कारण थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या तंतूच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच असतो आणि चालू करताच क्षणभर दसपट करंट धावतो. काही जण त्यामुळे मधे रिले, म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा विद्युत स्विच, घालतात.

जोडणीच्या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे: पंखात सोल्डर नको. वितळलेले कथील वायरीच्या बारीक तारांमधून वर चढते आणि जिथे ते थांबते, तिथे लवचीक वायर एकदम ताठ होते; इंजिनाची थरथर नेमकी तिथेच तारा एकेक करून तोडते. योग्य पकडीने दाबून बसवलेले टर्मिनल हाताने खेचून पाहिले की मनाची खात्री होते. पंखाच्या आतल्या फासळ्यांची भोके तर सुरीच्या पात्यासारखी असतात. त्यांत रबरी किंवा नायलॉनची कडी न घालता वायर ओवली, तर आवरण खरवडून तांबे सांगाड्याला भिडायला फार काळ लागत नाही.

उरतो दिव्याचा कोन. शेपटीला चाक असलेले विमान जमिनीवर नाक वर करून उभे राहते, म्हणून उतरताना अचूक पडणारा झोत टॅक्सी करताना झाडांच्या शेंड्यांवर जातो. यासाठी बरेच जण एका पंखातला दिवा लँडिंगसाठी ठेवतात आणि दुसरा त्याहून बराच खाली झुकवतात. जुळवणी साधी असते: संध्याकाळी शेपूट घोडीवर टेकवून विमान उड्डाणाच्या पातळीत आणायचे, समोरच्या भिंतीवर लँडिंग लाइटच्या झोताचा मध्य खडूने खुणवायचा, मग शेपूट खाली उतरवून टॅक्सी लाइटचा झोत त्या खुणेवर येईपर्यंत त्याचे स्क्रू फिरवत बसायचे.