रशियन द्वितीया सजीव-निर्जीव भेद का करते?

रशियन शिकणारा द्वितीयेपाशी हमखास अडखळतो. 'मी टेबल पाहतो' म्हणताना 'स्तोल' (टेबल) हा शब्द प्रथमेत होता तसाच राहतो. 'मी भावाला पाहतो' म्हणताना मात्र 'ब्रात'चं 'ब्राता' होतं, आणि हे रूप आहे षष्ठीचं. पुल्लिंगी एकवचनात निर्जीवाची द्वितीया प्रथमेसारखी, सजीवाची षष्ठीसारखी. अनेकवचनात तिन्ही लिंगांना हाच नियम. व्याकरणाच्या पुस्तकात तो दोन ओळींत उरकतो. त्याच्यामागे हजार वर्षांहून जुनी घडामोड आहे आणि संस्कृत-मराठी जाणणाऱ्याला ती ओळखीची वाटेल.

संस्कृतात 'मुलगा' या अर्थी सूनुः ही प्रथमा, सूनुम् ही द्वितीया. रशियन, पोलिश वगैरे स्लाव्ह भाषांच्या पूर्वजातही असाच फरक होता. पुढे त्या भाषेत शब्दांच्या शेवटची व्यंजनं गळून पडली. विसर्गाच्या जागचा 'स्' गेला, 'म्'ही गेला आणि दोन्ही रूपांचं एकच 'सीनु' उरलं. शब्दक्रम मोकळा असल्यामुळे कोण कोणाकडे पाहतंय, बाप मुलाकडे की मुलगा बापाकडे, हे रूपावरून कळेना. स्त्रीलिंगी 'सेस्त्रा'ची (बहीण) द्वितीया 'सेस्त्रू' वेगळी टिकली होती, म्हणून तिला एकवचनात आजही कसली मदत लागत नाही.

टेबलाच्या बाबतीत असा घोटाळा क्वचितच होतो, टेबल काही कोणाला पाहत नाही. अडचण होती ती माणसांची. त्यांच्यासाठी षष्ठीचं रूप उसनं घेतलं गेलं. ते हाताशीही होतं: नकारार्थी वाक्यात कर्म षष्ठीत जायचंच, आणि 'कोणाला' या अर्थी 'कोगो' हे षष्ठीचं सर्वनाम आधीच रूढ होतं. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती या षष्ठीचं मूळ. तिचा 'आ' प्रत्यय जुन्या पंचमीतून आला असं मानतात. संस्कृत वृकः-वृकात् आणि रशियन वोल्क-वोल्का (लांडगा) शेजारी ठेवले की नातं दिसतं.

सगळ्या सजीवांना हा मान एकदम मिळाला नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १८९७ साली प्राचीन चर्च स्लाव्होनिक, म्हणजे स्लाव्ह भाषांतल्या सर्वांत जुन्या ग्रंथभाषेतल्या, ग्रंथांतल्या या रूपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे षष्ठीचं रूप मुख्यतः प्रौढ, स्वतंत्र पुरुषांना लागतं. दास, मूल, प्राणी यांचे शब्द पुष्कळदा जुन्याच रूपात राहतात. म्हणजे जीव असणं पुरेसं नव्हतं, समाजात कर्ता म्हणून वजन असावं लागे. रशियनमध्ये अनेकवचनात हा नियम आधी पुरुषांना लागला, साधारण चौदाव्या शतकापासून. मग सोळाव्या शतकाच्या आसपास स्त्रियांना आणि सतराव्यात प्राण्यांना. 'ईगोरच्या स्वारीचं काव्य' या जुन्या रचनेत योद्धे आपल्या वेगवान घोड्यांवर स्वार व्हायला निघतात, तेव्हा घोडे अजून निर्जीवांच्याच रूपात आहेत. पोलिशमध्ये अनेकवचनाची ही वाढ पुरुषांपाशीच थांबली. तिथे स्त्रिया आणि कुत्रे आजही एका गटात येतात.

जुनी रूपं पार पुसली गेली नाहीत. स्त्रीनं लग्न करणं याला रशियन लोक आजही 'वीय्ती जामुश' म्हणतात. त्यात 'जा' म्हणजे मागे आणि 'मुश' म्हणजे नवरा, तोही षष्ठीविना. आजच्या नियमानं तिथे 'मूझा' हवं होतं. सैन्यात भरती होण्याच्या 'व सोल्दाती' या प्रयोगातही अनेकवचनी द्वितीया प्रथमेसारखीच आहे.

आज हा भेद जीवशास्त्राप्रमाणे चालत नाही. 'मेर्त्वेत्स' (मेलेला माणूस) सजीव, तर 'त्रूप' (प्रेत) निर्जीव. पहिल्या शब्दात माणूस उरलेला आहे. 'नारोद' (लोक, जनता) माणसांचाच, पण समूह म्हणून निर्जीव. बुद्धिबळातला वजीर, 'फेर्ज', मारला जातो तो सजीव रूपात, आणि पत्त्यांतला एक्काही सजीवच. या सोंगट्या-पत्त्यांना खेळणाऱ्यांनी हलणारे, लढणारे म्हणून पाहिलं, एवढंच त्याचं कारण मला पटतं.

मराठीनंही हाच पेच पाहिला आहे. अपभ्रंशात (प्राकृत आणि मराठी यांच्या मधल्या टप्प्यावरच्या भाषेत) आणि ज्ञानेश्वरीच्या काळातल्या मराठीत 'देवु' हे रूप प्रथमेतही येतं, द्वितीयेतही. वाट मात्र वेगळी निघाली: आपण 'पुस्तक पाहिलं' म्हणतो, पण 'मुलाला पाहिलं'. जनावरांपाशी आपणही घुटमळतो, 'गाय पाहिली' आणि 'गाईला पाहिलं' दोन्ही चालतं. रशियनमध्ये तसंच घुटमळणं आज सूक्ष्मजीवांपाशी आहे. 'मिक्रोब' आणि 'वीरुस' यांची अनेकवचनी द्वितीया कोणी षष्ठीसारखी करतं, कोणी प्रथमेसारखी.