‘खरा इको फक्त हृदयतज्ज्ञाचाच’: अर्धसत्य

अकाली जन्मलेल्या बाळाचा एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नवजाततज्ज्ञाने केलेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कच्चा, हा समज जुना आहे. खरं तर हृदयतज्ज्ञ आणि नवजाततज्ज्ञ, दोघांचे प्रश्नच वेगळे. हृदयाची रचना ठीक आहे का, हे पहिल्या संपूर्ण इकोत बालहृदयतज्ज्ञाने ठरवायचं. पुढे रात्री रक्तदाब घसरला, तर लगेच छातीवर इकोचा प्रोब ठेवणारा नवजाततज्ज्ञच हवा: डक्टस (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारी, जन्मानंतर बंद व्हायची नळी) १.५ मिमीहून रुंद आहे का, उतरत्या महाधमनीत डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडतं तेव्हा) रक्त उलटं वाहतंय का. एकट्या रुंदीवर भिस्त नको. प्रोब तिरपा पडला की माप चुकतं.

रचना तपासल्याशिवाय डक्टस बंद करायला आयबुप्रोफेन देऊच नये. महाधमनी फार अरुंद असेल, तर शरीराच्या खालच्या भागाला रक्त तोच डक्टस पुरवतो. आणि प्रोबखाली लावायचं जेल कोमटच हवं. हजार ग्रॅमचं बाळ थंड जेलनेही गारठतं.