थरथरणारी जॉयस्टिक आणि ढकलणारी जॉयस्टिक

विमानाच्या गेमसाठी जॉयस्टिक शोधायला बसलं की खोक्यांवर ‘व्हायब्रेशन’ आणि ‘फोर्स फीडबॅक’ हे शब्द आलटून पालटून दिसतात, कधी तर एकाच ओळीत. विकणाऱ्याला विचारलं तर ‘एकच आहे हो ते’ असं उत्तर येण्याची शक्यता मोठी. ते एकच नाही. पहिल्या प्रकारची जॉयस्टिक हातात थरथरते. दुसऱ्या प्रकारची हाताला विरोध करते, ढकलते, आणि सोडून दिली तर स्वतःहून जागा बदलते. विमान उडवण्याचा अनुभव या दोघींत इतका वेगळा असतो, की कोणती घ्यायची हे ठरवण्याआधी आपण कोणतं विमान उडवणार आहोत ते ठरवायला हवं.

थरथरणाऱ्या जॉयस्टिकच्या मुठीत किंवा बुडाशी एक छोटी डीसी मोटर असते. तिच्या आसावर एकाच बाजूला भार असलेलं वजन बसवलेलं असतं. मोटर फिरली की ते असमतोल वजन सगळी मूठ हादरवतं. जुन्या मोबाइलमध्ये सायलेंटवर जी गुरगुर व्हायची, तीच ही यंत्रणा. तिची एक मर्यादा आहे. मोटर जलद फिरवली की थरथर जलद होते आणि तीव्रही होते. वेग आणि जोर वेगवेगळे ठरवता येत नाहीत. म्हणूनच चांगल्या गेमपॅडमध्ये एक मोठी आणि एक लहान अशा दोन मोटरी असतात, मोठी खडबडीसाठी आणि लहान बारीक भिरभिरीसाठी. स्वस्त जॉयस्टिकमध्ये बहुधा एकच असते, त्यामुळे धावपट्टीवरची खडखड, तोफेचा मारा आणि चाकं टेकतानाचा धक्का हे सगळं हाताला जवळपास सारखंच लागतं.

फोर्स फीडबॅकमध्ये मोटरी मुठीत नसतात. दांडी पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे फिरते त्या दोन्ही आसांना मोटरी जोडलेल्या असतात, गिअरने, पट्ट्याने किंवा तारेने. दांडी मध्यावर आणणारी स्प्रिंग बहुतेक वेळा नसतेच, ते कामही मोटरच करते. म्हणून वीज बंद असली की अशी दांडी लुळी पडते. गेम तिला सांगतो: इतका जोर, या दिशेला. शिवाय स्प्रिंगसारखी वाग, दाट तेलात फिरल्यासारखी जड हो, घर्षण दाखव, अमुक गतीने थरथर, असेही हुकूम देता येतात. म्हणजे ढकलणारी जॉयस्टिक थरथरूही शकते. थरथरणारीला मात्र ढकलता येत नाही, कारण तिला दिशा हा प्रकारच माहीत नाही.

याचा खरा अर्थ सेसना १७२ सारख्या साध्या विमानात कळतो. तिथे हातातला योक (विमानाचं स्टिअरिंग) आणि शेपटीवरचा एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी फळी) यांच्यामध्ये तारा आणि पुल्या असतात, हायड्रॉलिक्स म्हणजे द्रवाच्या दाबाने चालणारी यंत्रणा नसते. एलेव्हेटरवर वाऱ्याचा जो दाब येतो तो तारांमधून थेट हातात येतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, तर तेवढाच एलेव्हेटर हलवायला साधारण चौपट जोर. म्हणून वैमानिकाला स्पीड मीटरकडे न पाहताही हाताच्या जडपणावरून वेगाचा अंदाज येतो. विमान मंदावून स्टॉलकडे, म्हणजे पंखांची उचल सुटण्याकडे, जाऊ लागलं की योक ढिला पडतो, हलवला तरी विमान आळसावून उत्तर देतं. साध्या स्प्रिंगच्या जॉयस्टिकला हे काहीच सांगता येत नाही. पार्किंगमध्ये उभं असताना आणि १२० नॉटवर असताना तिची स्प्रिंग तितकीच कडक असते. तिच्यात थरथरणारी मोटर घातली तरी या बाबतीत फरक शून्य.

दुसरी गोष्ट ट्रिम, म्हणजे हाताने सतत जोर न लावता विमान हव्या त्या स्थितीत ठेवण्याची सोय. नवशिक्यांना गेममध्ये ट्रिम कधीच नीट जमत नाही आणि ते स्वतःला दोष देतात. दोष बहुतेक वेळा दांडीचा असतो. खऱ्या विमानात नाक वर धरायचं असेल तर तुम्ही योक मागे ओढून धरता, मग ट्रिमचं चाक फिरवत राहता, आणि हातावरचा भार हळूहळू उतरून शून्य होतो. हात सोडला तरी योक तिथेच राहतो. स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर हे उलटं होतं. ट्रिम वाढवत जाल तसतशी दांडी हळूहळू मध्यावर परत न्यावी लागते, नाहीतर नाक आणखी वर जातं. हेलिकॉप्टरमध्ये तर हे फारच जाणवतं. डीसीएस वर्ल्ड या विमानांच्या गेममध्ये केए-५० हे हेलिकॉप्टर उडवताना साध्या जॉयस्टिकवर ट्रिमचं बटण दाबून दांडी पटकन मध्यावर सोडावी लागते, आणि त्या क्षणी हेलिकॉप्टर हिसका खातं. फोर्स फीडबॅकच्या दांडीवर बटण दाबलं की दांडीचा मध्यच तुमचा हात असेल तिथे सरकतो. हात काढला तरी ती तिथे उभी राहते. माझ्या मते फोर्स फीडबॅकवर पैसे घालायचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे. धडाडत्या तोफा आणि हादरे ही त्यामानाने वरवरची मजा.

मग थरथर खोटी असते का? अजिबात नाही. बोइंग ७३७ सारख्या विमानांत स्टिक शेकर नावाचं उपकरण असतं. स्टॉल जवळ आला की वैमानिकाला सावध करण्यासाठी कंट्रोल कॉलम खडखडा हलवायचा, हे त्याचं काम. आणि ते होतं कशाने, तर कॉलमला बसवलेल्या, असमतोल वजन फिरवणाऱ्या मोटरने. गेमच्या जॉयस्टिकमध्ये असते तीच कल्पना, फक्त मोठी. म्हणजे ७३७ उडवत असाल तर स्टॉलची थरथर अगदी अस्सल आहे. काही विमानांत याच्या पुढची पायरी म्हणून स्टिक पुशर असतो. वैमानिकाने ऐकलं नाही तर तो दांडी स्वतःच पुढे ढकलून नाक खाली करतो. थरथर आणि जोर यांतला फरक इथे एकाच कॉकपिटमध्ये दिसतो: शेकर सांगतो, पुशर करतो. सेसना १७२ मध्ये मात्र शेकर नाही. तिथे डाव्या पंखाच्या पुढच्या कडेतल्या छिद्रातून हवा ओढली जाते आणि भोंगा वाजतो. या विमानात दांडी थरथरायला एकच खरं कारण असतं, ते म्हणजे पंखावरून सुटलेली खवळलेली हवा शेपटीवर आणि सांगाड्यावर आदळणं. ती थरथर हाताइतकीच पाठीला आणि बैठकीला जाणवते.

आणि काही विमानांत दोन्ही नकोत. एअरबस ए३२० ची साइडस्टिक ही फक्त स्प्रिंगची आहे. वैमानिक तिच्याने संगणकाला मागणी सांगतो, पंख-शेपटीवरचे हलणारे पृष्ठभाग संगणक हलवतो, हाताला वाऱ्याचा दाब कळत नाही आणि शेजारच्या वैमानिकाची दांडी काय करते आहे तेही कळत नाही. स्टिक शेकर नाही, इशारा आवाजाने मिळतो. म्हणजे साधी, न थरथरणारी जॉयस्टिक घेऊन ए३२० उडवणारा माणूस या बाबतीत वास्तवाच्या सगळ्यात जवळ आहे. एफ-१६ ची सुरुवातीची दांडी तर हलतच नव्हती, हाताचा दाब मोजत होती. वैमानिकांना ते विचित्र वाटलं म्हणून नंतर तिला किंचित हालचाल दिली.

मिग-२१ मधोमध येतं. हायड्रॉलिक्समुळे वाऱ्याचा दाब हातापर्यंत पोहोचत नाही, म्हणून कृत्रिम जडपणा द्यावा लागतो. एआरयू-३व्ही नावाची यंत्रणा वेग आणि उंची पाहून दांडी आणि शेपटीचा पृष्ठभाग यांच्यातलं प्रमाण बदलते, त्यामुळे जोरात जाताना दांडी जड लागते आणि तेवढ्याच हालचालीने शेपटी कमी हलते. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमानं बनली, आणि २६ सप्टेंबर २०२५ ला भारतीय हवाई दलाने त्यांना निरोप दिला. डीसीएसमध्ये मिग-२१बिस आहे. आपल्याकडचे बरेच जण प्रेमापोटी ते घेतात, मग स्वस्त स्प्रिंगवर उडवून ‘फार संवेदनशील आहे’ म्हणतात. हाताला जडपणा न मिळणं हे त्याचं एक मोठं कारण आहे.

फोर्स फीडबॅक नवं तंत्र नाही. मायक्रोसॉफ्टची साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो १९९७ साली आली. त्याच वर्षी गेमसाठी असलेल्या विंडोजच्या डायरेक्टएक्स ५ या सॉफ्टवेअरमध्ये या जोरांसाठी सोय झाली. गेमपॅडच्या जगात निन्टेन्डोचा रंबल पॅक आणि सोनीचा ड्युअलशॉकही १९९७ चेच. म्हणजे दोन्ही भावंडं एकाच वर्षी घराघरांत शिरली. थरथर स्वस्त होती, म्हणून पसरली. जोर महाग होता, म्हणून मागे पडला: मोठ्या मोटरी, गिअर, वेगळा वीजपुरवठा, शिवाय पेटंटांचा गुंता. लॉजिटेकची जी९४० २००९ मध्ये आली, आणि त्यानंतर बरीच वर्षं मोठ्या कंपन्यांनी या बाजाराकडे पाठ फिरवली. ती पोकळी ब्रुनर, व्हीपीफोर्स आणि अलीकडे मोझा यांच्यासारख्यांनी भरायला घेतली आहे. किमती मात्र साध्या जॉयस्टिकच्या कितीतरी पट.

गोंधळ वाढवण्यात सॉफ्टवेअरचाही हात आहे. डायरेक्टइनपुट आणि एक्सइनपुट या गेम आणि जॉयस्टिक यांना जोडणाऱ्या विंडोजच्या दोन पद्धती. डायरेक्टइनपुटमध्ये थरथरणारी जॉयस्टिकसुद्धा ड्रायव्हर टाकल्यावर स्वतःची ओळख ‘फोर्स फीडबॅक उपकरण’ अशी करून देऊ शकते. मग गेमच्या सेटिंगमध्ये फोर्स फीडबॅकचा पर्याय उजळतो आणि घेणाऱ्याला वाटतं, मिळालं. प्रत्यक्षात गेमने ‘मागे ढकल’ म्हटलं की ड्रायव्हर दिशा टाकून देतो आणि मोटर फिरवतो. एक्सइनपुट निदान प्रामाणिक आहे: त्यात दोन मोटरींच्या वेगांसाठी ० ते ६५५३५ असे दोन आकडे पाठवता येतात, बाकी काही नाही.

खोकं न उघडता ओळखायचं असेल तर वीज पाहा. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॉट मिळतात. तेवढ्यात मुठीतली छोटी मोटर आरामात फिरते, पण माणसाच्या मनगटाला विरोध करणारी मोटर चालत नाही. जॉयस्टिकला फक्त यूएसबीची वायर असेल आणि वेगळा अ‍ॅडॉप्टर नसेल, तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, ती थरथरणारी आहे.

आता थरथरणारीच घ्यायची असेल तर पारखायची कशी? थरथर किती जोरात आहे हे सगळ्यात शेवटी पाहा. आधी ती बंद ठेवा. विंडोजच्या रन खिडकीत ‘joy.cpl’ (जॉय डॉट सीपीएल) टाइप करून दांडीची चाचणी उघडा. अधिकचं चिन्ह हात काढल्यावर दर वेळी त्याच ठिकाणी परत येतं का, मध्याजवळ हलका हात लावला तर लगेच हलतं का, की काही अंतर मेलेलं आहे, हे बघा. मूठ पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची फळी) चालवता येत असेल तर तोही तपासा. स्वस्त दांड्यांमध्ये तोच आधी बिघडतो. मग थरथर चालू करून एक महत्त्वाची गोष्ट पाहा: मोटरची थरथर दांडीच्या मापात झिरपते का? डीसीएसमध्ये उजवा कंट्रोल आणि एंटर दाबलं की दांडीची जागा दाखवणारी छोटी चौकट येते. बंदुकीचा घोडा दाबून ठेवा आणि त्या चौकटीतला ठिपका पाहा. हात स्थिर असताना तो नाचत असेल तर नेम धरायच्या नेमक्या क्षणी जॉयस्टिकच तुमचा नेम बिघडवते आहे. अशी दांडी हवाई लढाईसाठी घेऊ नये, किंवा घेतलीच तर थरथर कायमची बंद ठेवावी. आत घासून मापणारे पोटेंशिओमीटर असण्यापेक्षा चुंबकाने, स्पर्शाशिवाय मापणारे हॉल सेन्सर असलेले बरे, कारण त्यांत घासून झिजण्यासारखं काही नसतं.

बुडाचं वजनही पाहा. हलक्या बुडाची जॉयस्टिक थरथरली की टेबलावर सरकते आणि हातापेक्षा टेबलच जास्त वाजतं. रात्री घरचे झोपलेले असताना हे लक्षात येतं.

माझं मत स्पष्ट आहे. पैसे मर्यादित असतील तर थरथरीसाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नये, तो चांगल्या सेन्सरवर आणि नीट थ्रॉटलवर (इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या दांड्यावर) घालावा. टी.१६०००एम या जॉयस्टिकमध्ये थरथर नाही, पण हॉल सेन्सर आहेत, आणि शिकण्यासाठी ती कितीतरी जास्त कामाची. हादरे हवेच असतील तर ते हातात नकोत, बैठकीत हवेत. गेममधून माहिती घेऊन खुर्चीवरची गादी थरथरवणारी उपकरणं मिळतात, आणि हवेचा हादरा खऱ्या विमानात ज्या जागी जाणवतो त्याच जागी ती तो देतात. हात मोकळा आणि स्थिर राहतो. फोर्स फीडबॅक मात्र ज्यांना दुसऱ्या महायुद्धातली विमानं, हलकी प्रवासी विमानं किंवा हेलिकॉप्टरं मनापासून उडवायची आहेत त्यांनी पैसे साठवून घ्यावा. फक्त एअरबस उडवणाऱ्याला त्याची गरज नाही.

जुनी साइडवाइंडर वापरलेली मिळत असेल तर तीन गोष्टी पाहून घ्या. प्रो हे मॉडेल १५ पिनांच्या गेमपोर्टचं आहे, आजच्या संगणकाला ते थेट लागत नाही. फोर्स फीडबॅक २ हे यूएसबीचं आहे. परदेशातून आणलेली असेल तर ती किती व्होल्टची आहे ते प्लग लावण्याआधी वाचा. आणि मुठीत हात ओळखणारा सेन्सर असतो, हात नसला की जोर बंद करणारा. दांडी ‘मेलेली’ वाटली तर मोटर गेली असं धरून चालण्याआधी त्या सेन्सरवर धूळ आहे का ते पाहा.